कॅम्पिंगला चुलीवर जेवण करायचंय? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत

थंडी पडली की सगळ्या ग्रुपवर प्लॅन सुरू होतात, राजमाची, भंडारदरा, पवना, रतनवाडी, आणि त्यात कोणीतरी म्हणतंच की या वेळी जेवण बाहेरून नको, आपणच चुलीवर करू. करा, जरूर करा, त्याच्यासारखी मजा नाही. पण पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेक ग्रुपचं होतं काय, की अंधार पडल्यावर लाकडं शोधायला सुरुवात होते, मग मोठ्ठा जाळ करतात, पातेलं खालून करपतं आणि वरचा भात कच्चाच राहतो, सगळ्यांच्या डोळ्यात धूर, आणि शेवटी फरसाण आणि बिस्किटं खाऊन झोपतात. मी बरीच वर्षं सह्याद्रीत फिरतेय आणि आमच्या ग्रुपमध्ये चूल माझ्याकडे असते, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढावं म्हणजे नवीन मुलामुलींना कोणाला विचारत बसायला नको.

दोन गोष्टी आत्ताच डोक्यात पक्क्या करा, बाकी सगळं त्याच्यातूनच येतं. पहिली, चिरणं-धुणं-मोजणं सगळं काडी ओढायच्या आधी झालेलं पाहिजे. दुसरी, स्वयंपाक ज्वाळेवर होत नाही, निखाऱ्यावर होतो. मोठा जाळ फोटोला छान दिसतो पण त्याच्यावर काही शिजत नाही, फक्त करपतं.

हे सगळं मी ४ जणांच्या एका रात्रीच्या मुक्कामाच्या हिशोबाने लिहितेय, तुमचे जास्त असतील तर त्या प्रमाणात वाढवा.

१. आधी जागा, मग मेन्यू

सगळ्यात मोठी गडबड इथेच होते. गडावर किंवा जंगलात कुठेही चूल पेटवता येते असं लोकांना वाटतं, तसं नाहीये. राखीव जंगलात आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे, आणि अभयारण्यात तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पण लागतो. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रतनगड हा सगळा भाग अभयारण्यात येतो हे खूप जणांना माहीतच नसतं. शिवाय २०२५ मध्ये आपले ११ किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात राजगड, साल्हेर, लोहगड, शिवनेरी हे ट्रेकर लोकांचे नेहमीचे गड आहेत. काही गडांवर तर रात्री राहायलाच बंदी आहे. म्हणून गडमाथ्यावर, गुहेत, देवळात, तटबंदीला टेकून चूल अजिबात नको. धुराने कोरीव काम काळं पडतं आणि ती काजळी नंतर कोणी कितीही घासली तरी निघत नाही.

मग कुठे करायची? पायथ्याच्या गावात. राजमाचीला उधेवाडी, रतनगडाला रतनवाडी, सांदण दरीला साम्रद, अशा गावांत लोक अंगणात नाहीतर कापणी झालेल्या मोकळ्या शेतात तंबू लावू देतात, आणि चूल कुठे मांडायची ती जागा तेच दाखवतात. निघायच्या आधी फोन करून विचारा, तिथे पोचल्यावर परत विचारा. धरणाच्या कडेच्या कॅम्पसाइटवर पण चूल चालेल का ते बुकिंग करतानाच विचारून घ्या, सगळीकडे चालत नाही.

अजून एक, आणि हे फार महत्त्वाचं आहे. मधमाश्या. कड्याला, कातळाच्या पोटाला किंवा मोठ्या झाडाला आग्या मोहोळ असतं, त्याच्याखाली धूर गेला की माश्या उठतात, आणि त्या उठल्या की लांबपर्यंत पाठलाग करतात, माणसं गंभीर झालीयत यात. त्यामुळे जागा ठरवली की आधी मान वर करून सगळीकडे बघा आणि गावातल्या माणसाला विचारा इथे मोहोळ आहे का.

सीझन म्हणाल तर नोव्हेंबर ते जानेवारी बेस्ट. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचे दिवस सुरू होतात, गवत कागदासारखं कोरडं झालेलं असतं, तेव्हा चूल टाळाच. पावसाळ्यात लाकूडच ओलं, नादी लागू नका, गावात जेवा. कुठे वणवा दिसला किंवा कोणी जंगलात आग लावताना दिसलं तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, सेव्ह करून ठेवा.

कागदपत्रं फार लागत नाहीत पण एवढं जवळ ठेवा:
- प्रत्येकाचं ओळखपत्र
- वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश फी घेतली असेल तर त्याची पावती, परत येईपर्यंत टाकू नका
- ज्यांच्या जागेत राहणार त्यांचं नाव, नंबर कागदावर लिहून, कारण रेंज जाते आणि बॅटरी पण
- घरी एकाला तरी गावाचं नाव आणि परतीची वेळ सांगून ठेवा

२. सामानाची यादी

लोक घरातली निम्मी भांडी उचलून नेतात आणि माचिस विसरतात. ४ जणांना खरंच एवढंच लागतं:
- झाकणासकट एक जाड बुडाचं पातेलं, साधारण ४ लिटरचं
- चहासाठी छोटं पातेलं
- लोखंडी कढई किंवा तवा, दोन्ही नको
- सांडशी, लांब दांड्याचा चमचा, लांब चिमटा
- धारदार सुरी आणि छोटा पाट
- फुंकणी, नसेल तर लोखंडी पाइपचा हातभर तुकडा
- २ माचिस, वेगवेगळ्या सॅकमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून
- कापूर, जुने पेपर, दोन-तीन करवंट्या
- हेडटॉर्च, कारण एका हातात मोबाइलचा टॉर्च धरून दुसऱ्या हाताने पातेलं उतरवायला गेलात तर काहीतरी सांडणारच
- जाड सुती फडकी २
- ५ लिटरचे पाण्याचे ३ कॅन
- कचऱ्याची पिशवी

नॉनस्टिक आणू नका. चुलीची धग त्याला झेपत नाही, कोटिंग खराब होतं. प्लॅस्टिकचे मूठवाले दांडे पण वितळतात, सगळं आख्खं धातूचं बघा. कुकर न्यायला काही जणांना आवडतं पण चुलीवर आच पटकन कमीजास्त करता येत नाही, नवीन असाल तर उघडं पातेलंच बरं.

पाण्याचा हिशोब: जेवण, चहा, भांडी याला ४ जणांना ६ लिटर तरी धरा, पिण्याचं वेगळं, आणि चूल विझवायला ५ लिटर बाजूला. हे शेवटचे ५ लिटर म्हणजे शिल्लक पाणी नाही, ते आधीपासून चुलीशेजारी भरून ठेवायचं.

लोकलने किंवा एक्सप्रेसने जाणार असाल तर रॉकेल, पेट्रोल, गॅसची टाकी बरोबर घेऊ नका, रेल्वेत ज्वलनशील वस्तूंना बंदी आहे. आणि चुलीला ते लागतही नाही, खाली सांगते.

कोरडं सामान घरीच मोजून, पिशव्यांत भरून, वर नाव लिहून न्या. म्हणजे खिचडीची पिशवी उघडली की त्यात तांदूळ, डाळ, मीठ, हळद, गोडा मसाला सगळं एकत्र. लसूण सोलून, खोबरं किसून, शेंगदाण्याचं कूट करून. कांदे मात्र आख्खे न्या, चिरून नेलेला कांदा दुपारपर्यंत वास मारायला लागतो. तेल छोट्या बाटलीत घट्ट झाकण लावून आणि ती बाटली परत पिशवीत, सॅकमध्ये तेल सांडलं की झोपायच्या कपड्यांपासून सगळं जातं.

चिकन न्यायचा आग्रह ग्रुपमध्ये असतोच. बर्फाशिवाय कच्चं चिकन दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, उन्हात तर त्याहून कमी. चार-पाच तासांचा प्रवास करून वर चालत जाणार असाल तर सोडून द्या, नाहीतर गावातच ताजं मिळतंय का बघा. अंडी चालतात, बाजरीच्या पिठाच्या डब्यात खोचून नेली तर फुटत पण नाहीत.

३. सरपण

झाडं तोडायची नाहीत, फांद्या मोडायच्या नाहीत, हिरवं लाकूड तसंही जळत नाही, नुसता धूर करतं. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे गावात एक मोळी आणि चार-पाच गोवऱ्या विकत घ्यायच्या, कोकणात शेण्या म्हणतात. भाव आधी ठरवा आणि घासाघीस करू नका, ती मोळी कोणीतरी डोक्यावरून वाहून आणलेली असते.

तीन साइजचं लाकूड लागतं. काडीपेटीच्या काडीएवढं बारीक, मग बोटाएवढं, मग मनगटाएवढं. मनगटापेक्षा जाड ओंडके स्वयंपाकाला नकोत, ते पेटायलाच तास जातो आणि विझवायला त्याहून जास्त. बाभूळ, खैर, ऐन अशा जड लाकडाचे निखारे टिकतात. हलकं लाकूड भसकन पेटतं आणि राख होतं, ते फक्त पेटवायला. लाकूड वाळलंय का ते कसं ओळखायचं, तर मोडून बघा, कटकन आवाज आला पाहिजे. वाकलं तर ओलं आहे.

काही झाडांचं लाकूड चुलीत घालायचंच नाही:
- बिब्बा. याच्या चिकाने आणि धुराने अंगावर उततं, तोंड सुजतं, डोळ्यांना त्रास होतो
- कण्हेर. विषारी आहे, त्याची काडी ढवळायला किंवा कबाब भाजायला पण वापरू नका
- शेर, निवडुंग आणि पांढरा चीक येणारं काहीही
- आख्खा बांबू. पेरांमध्ये हवा कोंडलेली असते, तापला की फटाक्यासारखा फुटतो. चिरलेला असेल तर चालतो

झाड ओळखता येत नसेल तर घेऊच नका, विकतची मोळी आणा. प्लॅस्टिकच्या बाटल्या, थर्माकोल, रंग दिलेली फळकुटं, सायकलच्या ट्यूबचे तुकडे यातलं काही जाळू नका, तो वास आणि ती घाण सगळी अन्नात उतरते.

सरपण उजेडात गोळा झालं पाहिजे. डिसेंबरात ६ वाजता सूर्य मावळतो आणि डोंगराच्या सावलीत तर त्याआधीच अंधारून येतं, म्हणून ४ वाजता लाकडं, ५ वाजता चूल पेटलेली असा हिशोब धरा.

४. चूल मांडायची कशी

आधी जिथे चूल असेल तिथेच मांडा, नवीन डाग पाडू नका. नसेल तर मातीची सपाट जागा घ्या, आजूबाजूला तीन-चार पावलं गवत, पाला सगळं हाताने साफ करा, वर झाडाची फांदी नको, तंबू कमीत कमी दहा-बारा पावलं लांब आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला. तंबूचं कापड नायलॉनचं असतं, एक ठिणगी उडाली तरी भोक पडतं.

तीन दगड, साधारण सारख्या उंचीचे, वितीपेक्षा थोडे कमी उंच. दगड नदी-ओढ्यातून उचलू नका. पाण्यातल्या दगडात ओल मुरलेली असते, तापल्यावर तिची वाफ होते आणि दगड तडकतो, कधीकधी टवका जोरात उडतो. शेतातले, बांधावरचे कोरडे दगड घ्या. तीन दगड असे ठेवा की पातेलं त्यावर ठेवल्यावर हलत नाही, मग पातेल्यात पाणी घालून परत एकदा हलवून बघा कारण रिकामं पातेलं आणि भरलेलं पातेलं यात फरक पडतो. दगड डुगडुगत असेल तर खाली चपटी कपची सारा.

चुलीचं तोंड, म्हणजे लाकूड घालायची बाजू, जिकडून हलकं वारं येतंय तिकडे. मग हवा आत जाते आणि धूर पलीकडून निघून जातो, तुम्ही तोंडाशी बसता त्यामुळे तो तुमच्या डोळ्यात जात नाही. वारं फार असेल तर मात्र तोंड आडवं करा आणि वाऱ्याच्या बाजूला आणखी दगड रचून आडोसा करा. खूप वारं सुटलं असेल तर त्या दिवशी चूलच नको, ठिणग्या कुठे जाऊन पडतील ते आपल्या हातात नसतं.

आता एक जुनी युक्ती, आमच्या आजीपासून आलेली: पातेल्याला बाहेरून, बुडाला आणि अर्ध्या उंचीपर्यंत, ओल्या मातीचा नाहीतर ओल्या राखेचा पातळ हात फिरवून घ्या. जेवण झालं की काजळी त्या मातीबरोबरच सुटते, नुसत्या पाण्याने भांडं साफ होतं. जे लोक हे करत नाहीत ते दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर घासत बसतात.

५. पेटवणं

खाली चुरगळलेला पेपर, त्यावर कापराच्या दोन वड्या, वर बारीक काटक्या सैल रचलेल्या. सैल म्हणजे मध्ये हवा खेळली पाहिजे, दाबून भरलं की गुदमरतं. काडी खालून लावायची. काटक्या नीट पेटल्यावर बोटाएवढी लाकडं, ती पेटल्यावर मनगटाएवढी, एका वेळी दोन किंवा तीन, तोंडातून आत सरकवत. घाई करून सगळं एकदम घातलं की धूर होतो आणि विझतं. करवंटी मध्ये घातली तर छान तापते आणि ओलसर लाकूड पण घेते.

पेट्रोल, डिझेल, रॉकेल ओतायचं नाही. कधीच नाही. विझत आलेल्या चुलीवर तर अजिबात नाही, वाफ पेट घेते आणि जाळ हातातल्या बाटलीपर्यंत येतो. कोणी मित्र हुशारी करायला लागला तर सरळ बाटली काढून घ्या.

फुंकणीने फुंकताना तोंड बाजूला वळवून श्वास घ्या, फुंकणीतून आत ओढलात तर धूर छातीत जातो. अंगात पॉलिस्टरचं जॅकेट, गळ्यात लोंबणारा स्कार्फ, ओढणी, मोकळे केस हे चुलीजवळ नको. सुती शर्ट घाला आणि पायात बूट.

पेटल्यावर वीस-पंचवीस मिनिटं तसंच जळू द्या. याच वेळात चहाचं पाणी ठेवा म्हणजे मंडळी शांत बसतात. लाल निखारे खाली जमले आणि वर छोटीशी ज्वाळा राहिली की चूल स्वयंपाकाला तयार. आच कमीजास्त करायची ती लाकूड आत-बाहेर सरकवून, बास. पातेलं तिथेच राहतं, लाकूड हलतं.

६. काय बनवायचं

चहा. पाणी, साखर, आलं ठेचून, पत्ती, आणि दुधाची पावडर शेवटी खाली उतरवून. गूळ घालणार असाल तर कोरा चहा करा, गवती चहाची पात टाका, कारण गुळाच्या चहात दूध उकळलं तर फाटतं.

मूगडाळीची खिचडी. पहिल्या ट्रिपला हीच करा. २ वाट्या तांदूळ, १ वाटी मूगडाळ. धुऊन अर्धा तास भिजत ठेवा, याने लाकूड निम्मं वाचतं. पातेल्यात तेल, मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, लसूण, कांदा, हळद, टोमॅटो असेल तर टोमॅटो, मग तांदूळ-डाळ दोन मिनिटं परता, गोडा मसाला, तिखट, मीठ आणि ९ वाट्या उकळतं पाणी. पाणी गार घालू नका, सगळी उकळी परत यायला वेळ लागतो. एक उकळी आली की लाकडं बाहेर ओढा, निखाऱ्यावर झाकण ठेवून शिजू द्या, मधूनमधून तळापासून हलवा, आणि दुसऱ्या भांड्यात गरम पाणी हाताशी ठेवा कारण उघड्या पातेल्यातून पाणी बरंच उडतं. वीस-पंचवीस मिनिटांत होते. शेवटी झाकणावर चार निखारे ठेवा, खालून-वरून दम बसतो. वरून तूप.

तूरडाळ घेऊ नका बरं का. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, १५०० मीटरच्या आसपास साधारण ९५ अंशाला, त्यामुळे कुकरशिवाय तूरडाळ, चणे, राजमा शिजता शिजत नाहीत. मूग किंवा मसूर डाळच न्यायची.

पिठलं. दीड वाटी बेसन, ५ वाट्या पाणी. बेसन थोड्या पाण्यात गुठळी न होता कालवून ठेवा. कढईत जरा सढळ तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा गुलाबी करून हळद, मीठ, पाणी. पाणी खळखळलं की एका हाताने कालवलेलं बेसन ओतत दुसऱ्या हाताने सतत हलवायचं. झाकण ठेवून मंद निखाऱ्यावर पाच-सात मिनिटं वाफ. कच्च्या बेसनाचा वास गेला आणि कडेने तेल दिसायला लागलं की झालं.

बरोबर भाकरी, पण भाकरी स्वतः करायच्या भानगडीत पहिल्यांदा पडू नका. थापायला सवय लागते आणि चुलीवर एक भाकरी करपली की पीठ, लाकूड, वेळ सगळं वाया. ज्यांच्या अंगणात उतरलात त्या मावशींना सकाळीच सांगून ठेवा, तांदळाची, नाचणीची नाहीतर बाजरीची जी त्यांच्याकडे असेल ती गरम भाकरी मिळेल, पैसे द्या, आणि त्या करत असताना शेजारी बसून बघा. शिकायचं असेल तर हीच शाळा.

रोडगे. स्वतःचं काहीतरी पिठाचं करायचंच असेल तर विदर्भातले रोडगे करा, तवा लागत नाही, लाटणं लागत नाही. ४ वाट्या जाडसर गव्हाचं पीठ, ओवा, मीठ, अर्धी वाटी तेलाचं मोहन, घट्ट भिजवून लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे. गोवऱ्या पेटवून धूर पूर्ण जाऊन लाल निखारे झाले की त्यावर गोळे ठेवून चिमट्याने फिरवत भाजा, सगळीकडून डाग पडले की गरम राखेत पुरून ठेवा पंधरा-वीस मिनिटं. काढून फडक्याने राख झटका, फोडून तूप घाला. आतून पीठ चिकट दिसलं तर परत राखेत.

भरीत. मोठं वांगं, जळगावकडचं हिरवं मिळालं तर काय विचारता. सुरीने तीन-चार ठिकाणी टोचा, नाहीतर आतली वाफ कोंडून फुटतं, तेलाचा हात लावा, थेट निखाऱ्यावर. देठाजवळ मऊ लागलं की झालं, पंधरा मिनिटं. साल काढून ठेचा, हिरवी मिरची आणि लसूण पण निखाऱ्यावरच भाजलेला, कांद्याची पात, शेंगदाणे, मीठ, वरून कच्चं तेल.

बटाटे, रताळी, कांदे. धुऊन, न सोलता, राखेखाली पुरा, वर निखारे. मध्यम बटाट्याला चाळीस मिनिटं तरी लागतात, म्हणून जेवण करायला घेतानाच पुरून टाका. ज्वाळेत टाकले तर वरून कोळसा आणि आत कच्चे.

पोपटी. ही रायगडची, अलिबाग-पेणकडची, वालाच्या शेंगांच्या दिवसांत, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. मडक्याच्या तळाला भांबुर्डा नावाच्या वासाच्या रानझुडपाचा पाला, मग वालाच्या शेंगा ओवा-मीठ लावून, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात गुंडाळून, परत शेंगा, आणि तोंडाशी गच्च पाला. पाण्याचा थेंब नाही, शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवरच सगळं शिजतं. मडकं उपडं ठेवून चारी बाजूंनी गोवऱ्या, काटक्या, पेंढा रचून पेटवतात. अर्धा-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारायचे, चर्र आवाज होऊन पाणी लगेच उडालं की झाली. सगळं सांगितलं खरं पण पोपटी पहिल्यांदा त्या भागातल्याच कोणाच्या तरी शेतात, त्यांच्याबरोबर करा. भांबुर्डा ओळखणं आणि जाळ सारखा ठेवणं हे लिहून समजत नाही, आणि चिकन आतपर्यंत शिजलंय का हे कापून बघितल्याशिवाय खाऊ नका.

मॅगीबद्दल एवढंच की एक पुडा इमर्जन्सीला ठेवा, मुख्य जेवण म्हणून नको, दिवसभर चाललेल्या माणसाला ती पुरत नाही.

७. भांडी, पाणी, माकडं

गडावरच्या किंवा गावच्या टाक्यात भांडी बुडवायची नाहीत, हातपाय पण नाही. ते पिण्याचं पाणी आहे, गावातल्या बायका उन्हाळ्यात त्याच पाण्यावर दिवस काढतात. पाणी कॅनमधून काढून घ्या, टाक्यापासून आणि ओढ्यापासून वीस-तीस पावलं लांब बसा, राखेने आणि नारळाच्या काथ्याने घासा. राखेने तेलकटपणा छान जातो, साबणाची गरजच पडत नाही. टाक्यातलं पाणी पिणार असाल तर गाळून, खळखळ उकळी आणून.

उरलेलं अन्न उघडं टाकू नका. माकडं, उंदीर, कुत्री सगळी वासाने येतात, आणि खाऊची पिशवी उशाशी घेऊन झोपलात तर उंदीर तंबू कुरतडून आत येतो. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून गावातल्या घरात ठेवायला द्या. माकडांना हाताने खायला घालू नका, नंतर ती पुढच्या ग्रुपच्या सॅक ओढतात.

भाजलं तर लगेच गार वाहतं पाणी, वीस मिनिटं. कॅनमधून बारीक धार धरा. टूथपेस्ट, हळद, तेल, बर्फ काही लावायचं नाही. अंगठी, कडं, घड्याळ सूज यायच्या आधी काढा. फोड फोडू नका, स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळा. तोंडाला, डोळ्याला, हाताच्या तळव्याला भाजलं असेल किंवा तळहातापेक्षा मोठी जागा असेल तर ट्रिप तिथेच थांबवून खाली दवाखान्यात, गरज लागली तर ११२.

८. विझवणं

याला पंधरा मिनिटं लागतात, ती ठेवा. झोपायच्या अर्धा तास आधी लाकूड घालणं बंद करा म्हणजे आहे ते जळून जातं.

मग पाणी, पण एकदम ओतायचं नाही, वाफेने आणि उडणाऱ्या राखेने हात भाजतो. बाजूला उभं राहून थोडं थोडं शिंपडा, काठीने राख उलटीपालटी करा, परत पाणी, परत ढवळा. दगडांच्या खालचं पण ओलं करा. जाड लाकडाची जळकी टोकं वेगळी काढून पाण्यात बुडवा. नंतर हाताची मागची बाजू राखेच्या जवळ धरा, धग लागली नाही तर हळूच टेकवा. कोमट जरी लागलं तरी अजून पाणी.

माती टाकून झाकू नका. बऱ्याच जणांना वाटतं माती टाकली की विझलं, पण खाली निखारे तासन्‌तास धगधगत राहतात, वाऱ्याने माती उडाली की परत पेटतं, आणि सकाळी अनवाणी कोणी त्याच्यावर पाय दिला तर तळवा जातो. गावातली लहान मुलं तिथे खेळायला येतात.

थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची घमेली किंवा शेगडी तंबूत न्यायची नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, झोपेतच माणूस बेशुद्ध होतो आणि उठत नाही. तंबूची चेन थोडी उघडी ठेवली तरी चालेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. गरम पाणी स्टीलच्या बाटलीत भरून, मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा, पाय पहाटेपर्यंत गरम राहतात.

सकाळी चहाला परत चूल पेटवलीत तर विझवायचं सगळं परत करायचं, सकाळी निघायच्या घाईत हेच राहून जातं. राख पूर्ण गार झाल्यावर मालकांना विचारा कुठे टाकू, बरेच जण शेतात किंवा परसातल्या झाडांना घाला म्हणतात. फॉइल, दुधाच्या पिशव्या, अंड्याची कवचं, सगळं कचऱ्याच्या पिशवीत भरून शहरात परत आणा, गावात कचऱ्याची गाडी येत नाही. उरलेलं सरपण मात्र आणू नका, चुलीशेजारी नीट रचून ठेवा आणि घरच्यांना सांगून निघा.